तिसऱ्या आग्रहाची गाडी

गेल्या हिवाळ्यात डुलुथ शहरातल्या चढावर फॉसम मास्तरांची गाडी उलटी चालली. तोंड वर टेकडीकडे आणि प्रवास खाली सरोवराकडे. मास्तर ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले होते, शेजारी मार्लिसबाई डोळे गच्च मिटून बसल्या होत्या, आणि गाडी मात्र अगदी सावकाश, कोणाला त्रास नको अशा बेताने मागे मागे जात होती. खालून वर येणाऱ्या एका बाईने आपली गाडी कडेला घेतली आणि ‘तुमचं चालू द्या’ असा हात केला. मास्तरांनीही हात करून तिचे आभार मानले. मग गाडी बर्फाच्या ढिगात जाऊन बसली.

घरी आल्यावर कोट काढताना मार्लिसबाई एवढंच म्हणाल्या, "त्या गाडीतून मी तो चढ पुन्हा चढणार नाही." मिनेसोटात बायको असं म्हणाली की इतर ठिकाणी बायकोने भांडी आपटली असं समजायचं.

यंदा त्या वाक्याची आठवण ठेवणं भाग होतं, कारण त्यांची लेक ब्रिट त्याच चढाच्या माथ्यावर राहत होती आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तिला बाळ व्हायचं होतं. पहिलं नातवंड. मार्लिसबाईंचा भाऊ वर्लिन याने ही बातमी कळताच जाहीर करून टाकलं, "मार्लिसला मी नेतो माझ्या ट्रकमधून." वर्लिनचा ट्रक इतका उंच होता की त्यात चढायला पायरी लागायची आणि उतरायला धैर्य. मग तो मास्तरांकडे वळून म्हणाला, "तूही चल ऑरिन, हवं तर. मागे जागा आहे."

ते ‘हवं तर’ मास्तरांच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसाने निम्म्या गावाला चौथीत अपूर्णांक शिकवले, त्याने आपल्या पहिल्या नातवंडाला भेटायला मेव्हण्याच्या ट्रकमध्ये मागच्या बाजूला, मासे धरायच्या बादल्यांच्या मधोमध बसून जायचं? दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी विषय काढला.

"मार्लिस, आपण नवी एसयूव्ही घेऊ."

"नवी म्हणजे आपल्याला नवी?"

"नवी म्हणजे कोणीच न वापरलेली."

मार्लिसबाईंनी चमचा खाली ठेवला. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात आलेल्या प्रत्येक गाडीला दुसऱ्या कोणाच्या तरी कुत्र्याचा वास होता. "केवढ्यात?" त्यांनी विचारलं.

"चौतीस हजार. कर, नोंदणी, सगळं धरून."

"वर एक डॉलर नाही."

"एक डॉलर नाही," मास्तर म्हणाले. मार्लिसबाई उठून भांडी विसळायला लागल्या. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि त्यांचे कान फक्त आनंदानेच लाल होतात हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. स्वतः मास्तरांची अवस्था तर याहून वाईट होती. शुद्धलेखनाच्या पुस्तकात गाडीची माहितीपत्रकं लपवून ते मधल्या सुट्टीत वाचू लागले. वर्गातल्या मुलांनी त्यांना पकडलं. मास्तरांनी मग खरं काय ते सांगितलं आणि चित्रकलेच्या तासाला ‘मास्तरांची गाडी’ हाच विषय दिला. तेवीस गाड्या तयार झाल्या. एकीला पंख होते, एकीच्या डिकीत पोहण्याचा तलाव होता, आणि एकीत मास्तर स्वतः नव्हतेच, फक्त त्यांचा जेवणाचा डबा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. मास्तरांनी सगळ्यांना शाबासकी दिली. कल्पनाशक्तीला अंदाजपत्रकाची अडचण नसते, हे त्या दिवशी त्यांना नव्याने पटलं.

मोठ्या माणसांचे सल्ले इतके निरुपद्रवी नव्हते. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळे जमले की मास्तरांच्या गाडीचा विषय निघे. तिथे कोणी कोणाला उघड सल्ला देत नाही, ते शिष्टाचाराला धरून नाही. माणूस आपला हवेत बोलतो, आणि ज्याला लागायचं त्याला ते लागतं.

"पांढरी घेतात बुवा काही लोक," शेजारचा डुवेन हॉगन कॉफीकडे बघत म्हणाला. "आमच्या चुलतभावाने घेतली. बर्फ पडल्यावर तासभर खपून झाडून काढली. मग कळलं, शेजाऱ्याची होती."

"काळीही घेतात," लवॉन म्हणाली. लवॉन गावातल्या वाहन नोंदणीच्या कचेरीत होती, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. "हरणांना दिसत नाही म्हणे."

"मार्लिसला लाल आवडली आहे," मास्तर म्हणाले. "उकडलेल्या बिटासारखी."

डुवेनने कप खाली ठेवला. "लाल," डुवेन म्हणाला. "लाल म्हणजे वेगळी आहे." या भागात एखाद्या गोष्टीला ‘वेगळी आहे’ म्हणणं यापरता कठोर शब्द नाही. तिथून पुढे मग चारही चाकांना जोर हवा की दोन चाकं पुरे, स्टिअरिंग गरम होणारं असावं की हातमोजे बरे, हीटर घरातून सुरू करता येतो त्याची चैन कशाला, आणि नसेल तर जगायचं कसं, अशा चर्चेत सगळ्यांची दुपार गेली. जाताना लवॉनने मास्तरांपुढे किटली धरली.

"कॉफी, मास्तर?"

"नको."

"थोडीशी?"

"छे, झोप जाईल."

"केलेलीच आहे. वाया जाईल."

"बरं, मग अर्धा कप," मास्तर म्हणाले, आणि लवॉनने कप काठोकाठ भरला. पहिल्या विचारण्याला कोणी होकार देत नाही, ते हावरटपणाचं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला मात्र नाही म्हणता येत नाही, कारण तो अपमान होतो. मास्तरांनी लग्नाची मागणीसुद्धा याच पद्धतीने घातली होती, आणि मार्लिसबाईंच्या पहिल्या दोन नकारांचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मास्तर शोरूममध्ये गेले. लाल गाडी काचेच्या आत, दिव्यांखाली उभी होती. मास्तरांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, खिशातून हात काढला आणि कोणी बघत नाही असं बघून बॉनेटला हळूच स्पर्श केला.

"बघताय काय, बसा आत." विक्रेता डॉम पेट्रिलो मागेच उभा होता. तो न्यू जर्सीचा, बायको इथली म्हणून वर्षापूर्वी इकडे आलेला. तो मोठ्याने बोलायचा, हातांनी बोलायचा, आणि मनात जे असेल तेच बोलायचा. या तिन्ही सवयींमुळे गाव त्याला अजून जरा बिचकून होतं. "चला मास्तर, चक्कर मारून आणतो. म्हणजे तुम्हीच चालवा, मी नुसता बसतो."

गाडी रस्त्यावर आली आणि मास्तरांना वाटलं, आपण बसल्या जागी दोन फूट उंच झालो. सीट खालून गरम होत होती. पहिल्यांदा ती जाणीव झाली तेव्हा मास्तर दचकले, पण कारण कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की डॉमने करार तिथेच झाला असं धरलं. गावाबाहेरच्या चौकापर्यंत सगळं सुरेख चाललं होतं. त्या चौकात दिवा नाही. चारी रस्त्यांवर थांबायची पाटी आहे, जो आधी येईल तो आधी जाईल असा साधा नियम. मास्तर आले त्याच क्षणी उरलेल्या तिन्ही बाजूंनीही एकेक गाडी आली.

मास्तरांनी डावीकडच्या गाडीतल्या बाईला ‘आधी तुम्ही’ असा हात केला. त्या बाईने समोरच्या गाडीला केला. समोरचा पाद्री होता, त्याने उजवीकडच्याला केला, आणि उजवीकडे डुवेन होता, त्याने मास्तरांना केला. मग तीच फेरी उलट्या दिशेने झाली.

"जा की मास्तर," डॉम म्हणाला.

"डुवेन आधी आलाय बहुतेक."

"तो तुम्हाला जा म्हणतोय."

"ते म्हणायलाच हवं त्याला."

डॉमने कपाळ हातात धरलं. शेवटी चारही गाड्या एकदमच निघाल्या, चौकाच्या मध्यावर एकदमच थांबल्या, आणि चौघांनी काचा खाली करून हवापाण्याची चौकशी केली. नव्या गाडीचे ब्रेक फार चांगले आहेत, हे मास्तरांना त्यातून कळलं.

परत आल्यावर डॉमने खुर्ची पुढे ओढली. "सगळं धरून छत्तीस हजार होतात, मास्तर." मास्तरांचा चेहरा पडणार होता, पण तो त्यांनी पडू दिला नाही. डॉम पुढे म्हणाला, "महिनाअखेर आहे. दोन हजार कमी करतो."

मास्तरांच्या छातीत घंटा वाजल्या. चौतीस. बरोबर चौतीस. "छे छे, कशाला," ते म्हणाले. "तुमचाही धंदा आहे."

"बरं," डॉम म्हणाला.

मास्तर थांबले. डॉमही थांबला. भिंतीवरच्या टीव्हीत कोणीतरी भोपळा कोरत होतं. मास्तरांनी घसा खाकरला, बसल्या जागी थोडे हलले, खिडकीबाहेर पाहिलं. माणसाला आठवायला वेळ द्यायला हवा.

"बर्फात चालायची चाकं टाकू का वर? फुकट," डॉमने विचारलं.

"नको हो, एवढं कशाला."

"ठीक आहे." डॉमचे डोळे आता चमकायला लागले होते. वीस वर्षं गाड्या विकून त्याला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. "मग पूर्ण किमतीला करू या?"

"मी जरा विचार करतो," मास्तर म्हणाले, आणि निरोप घ्यायला उठले. निरोपाला त्यांना शोरूमच्या दारात अर्धा तास लागला, कारण दर दोन वाक्यांनंतर ते थांबून डॉमकडे आशेने बघत होते.

घरी मार्लिसबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दोन हजार म्हणाला?"

"म्हणाला."

"मग?"

"दुसऱ्यांदा म्हणालाच नाही."

"असा कसा माणूस," मार्लिसबाई म्हणाल्या. "त्याला वाढवलं कोणी?"

आता प्रश्न होता डॉमकडून उरलेले दोन आग्रह काढायचे कसे. सरळ मागणं तर शक्यच नव्हतं. नको म्हटलेली वस्तू मागायची म्हणजे काय? मार्लिसबाईंनी खजुराच्या वड्या केल्या. मास्तर त्या घेऊन शोरूममध्ये गेले, वड्या टेबलावर ठेवल्या आणि थंडीबद्दल बोलले. डॉमने वड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा गेले आणि गाड्यांच्या किमती आजकाल किती वाढल्यात याबद्दल, कोणाला उद्देशून नाही, असं काही बोलले. डॉमने मान डोलावली आणि वड्या खाल्ल्या. डब्यात एक शेवटची वडी उरली होती. गावातल्या कोणीही ती घेतली नसती. तिचे आधी दोन तुकडे झाले असते, मग चार, आणि शेवटी एक कण डब्यात मानाने वाळून गेला असता. डॉमने ती उचलली आणि तोंडात टाकली. ते पाहून मास्तरांना वाटलं, या माणसापुढे आपलं काही खरं नाही. त्याच आठवड्यात महिना संपला.

दरम्यान जुन्या गाडीचं आणखी एक त्रांगडं निघालं. ती मोडीत द्यायची तर तिच्या कागदावर अजून कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव होतं. कर्ज कधीच फिटलं होतं, पण बँकही कधीच बंद पडली होती.

"बँकेचं पत्र लागेल, मास्तर," लवॉन नोंदणी कचेरीच्या खिडकीतून म्हणाली.

"लवॉन, ती बँक आता पिझ्झाचं दुकान आहे. तुलाही माहीत आहे. तू काल तिथूनच पिझ्झा आणलास."

"माहीत आहे. पण मधली पायरी गाळायची नाही, उत्तर बरोबर असलं तरी. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

मास्तरांना राग यावा की भरून यावं ते कळेना. ते पिझ्झाच्या दुकानात गेले, कारण कागदावरचा पत्ता तोच होता. तिथल्या मुलीला पत्राचं विचारलं, तिचा वेळ घेतला म्हणून एक मोठा पिझ्झा घेतला, आणि पिझ्झा घेताना तिच्याकडूनच कळलं की बँकेची जुनी दप्तरं पलीकडच्या पतपेढीने घेतली आहेत. त्याच पतपेढीत मास्तरांचं नव्या गाडीचं कर्ज मंजूर होऊन पडलेलं होतं. पत्र मिळालं. लवॉनने ते दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाली, "बघा, पायरीने गेलं की कसं येतं." मास्तर मान खाली घालून बाहेर पडले. जुनी गाडी आता मोडीत द्यायला मोकळी होती. अडलेली फक्त नवी होती, आणि तीही दोन हजारांवर.

नोव्हेंबरचा पहिलाच शनिवार. सकाळी मार्लिसबाई आमलेट उलटत होत्या तेवढ्यात जावयाचा फोन आला. ब्रिटला दवाखान्यात आणलं होतं, बाळ थांबायला तयार नव्हतं. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झालेली. आमलेट तव्यावरच राहिलं. मार्लिसबाईंनी भावाला फक्त बातमी सांगायला फोन केला, आणि त्या बॅग भरून खाली येतात तोवर वर्लिनचा ट्रक अंगणात घुरघुरत उभा होता.

"चल मार्लिस," वर्लिन दारातून म्हणाला. "गाडी गरमच आहे."

"नको रे, तुला कशाला त्रास," मार्लिसबाई म्हणाल्या.

एक झाला. मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारातून ते ऐकलं. आता दोन उरले, आणि तिसऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी मार्लिसबाईंना हळूच आत ओढलं.

"मी आलोच."

"कुठे निघालास?"

"गाडी आणायला."

"कोणाची?"

"आपली."

मार्लिसबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "वर्लिनला मी कॉफी विचारते. तो दोनदा नको आणि तिसऱ्यांदा हो म्हणेपर्यंत वेळ जाईल. मग वडी विचारते. मग दुसरी वडी. पण ऑरिन, त्याने जाण्याचं तिसऱ्यांदा विचारलं तर माझा इलाज नाही."

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले, आणि टोपी उलटी घालून बाहेर पडले.

जुन्या गाडीने शोरूमपर्यंतचा रस्ता कधी इतक्या वेगाने पाहिला नव्हता. वाटेतल्या चौकात समोरून कोणीतरी ‘आधी तुम्ही’ असा हात केला आणि मास्तर खरोखरच आधी गेले. मागे वळून बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"डॉम," ते टेबलापाशी उभे राहून, धापा टाकत म्हणाले, "ते दोन हजार. आणि ती चाकं. मला हवी होती."

डॉमने पेन खाली ठेवलं. "मग नको का म्हणालात?"

"तुम्ही परत विचारलंच नाही."

"तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही विचारलं."

"दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा हो." मास्तरांनी तीन बोटं वर केली. वर्गात सवयच होती. "पहिलं विचारणं नुसतं सभ्यपणाचं. दुसरं, पहिलं खरं होतं हे सांगायला. तिसऱ्याला माणूस घेतो. यात अवघड काय आहे?"

डॉमने ती बोटं मोजली. त्याच्या डोक्यात गेल्या वर्षभरातलं काहीतरी भराभर जुळत असावं. "माझी सासू," तो शेवटी म्हणाला. "ती मला दर रविवारी एकदाच विचारते, अजून वाढू का. मी हो म्हणतो. आणि ती माझ्याशी बोलत नाही."

"नाहीच बोलणार," मास्तर म्हणाले. "डॉम, माझी मुलगी दवाखान्यात आहे."

डॉम ताडकन उठला. "पण महिना संपला, मास्तर. सूट आता माझ्या हातात नाही. कर्टिसला विचारावं लागेल." त्याने काचेच्या खोलीकडे हाक मारली, आणि शोरूमचा व्यवस्थापक कर्टिस बाहेर आला. चाळिशीचा, टाय लावलेला, पण मास्तरांना बघून आपोआप शर्ट नीट खोचून घेणारा. सगळं ऐकल्यावर त्याने दोन्ही हात पसरले.

"मास्तर, तुम्हाला नाही करणार कमी तर कोणाला? दोन हजार सोडले. चाकं माझ्याकडून. आणि हवं तर तीन वर्षं तेलबदल फुकट, त्यात काय."

कर्टिस याच गावचा. तो पहिल्यांदा विचारत होता. शोरूममधल्या सगळ्यांना माहीत होतं की मास्तर आता ‘नको रे, एवढं कशाला’ म्हणतील. कर्टिसला तर ते इतकं पक्कं माहीत होतं की दुसऱ्या खेपेला तेलबदल गाळायचा आणि तिसऱ्या खेपेला चाकं, असा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मास्तरांनी तोंड उघडलं. जन्मभराची सवय जिभेवर येऊन उभी राहिली. काचेबाहेर भुरभुर थांबून आता कापसासारखा बर्फ पडू लागला होता, आणि तिकडे घरी वर्लिन कॉफीच्या कितव्या नकारावर असेल देव जाणे.

"हो," मास्तर म्हणाले.

हिशेबाच्या खिडकीतली बाई टाईप करायची थांबली.

"हो?" कर्टिसने विचारलं.

"हो. तिन्ही."

मास्तरांचे कान, मान, सगळं तापलं होतं. भर बाजारात अंगावरचा सदरा काढल्यासारखं त्यांना वाटत होतं. कर्टिसचा चेहरा मात्र तोच झाला होता जो चौथीत सात आठे विचारल्यावर व्हायचा. पण दिलेला शब्द होता. तो हळूहळू हसायला लागला.

"मास्तर, पहिल्याच झटक्यात?"

"घाई आहे, कर्टिस. आजोबा होतोय."

कर्टिसने टाय काढून खिशात कोंबला आणि चाकं चढवायला स्वतः आत गेला. डॉम कागद पळवत होता, मास्तर सह्या करत होते, हिशेबाची बाई न विचारता पेन पुढे करत होती, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात शोरूममध्ये कोणीही कोणाला ‘आधी तुम्ही’ म्हटलं नाही.

लाल गाडी अंगणात वळली तेव्हा वर्लिन दारात उभा होता. रिकामा कप त्याच्या हातात, वडीचा चुरा मिशीत, आणि तोंडात वाक्य तयार. "मार्लिस, आता मात्र खरंच सांगतो, चल तू..."

"आमची गाडी आली," मार्लिसबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाचं वाक्य मध्येच तोडलं होतं.

वर्लिन पायऱ्या उतरून खाली आला. गाडीभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं, चाकाला बुटाने टोचलं. त्याला नावं ठेवायला जागा सापडत नव्हती हे उघड होतं. मास्तरांनी काच खाली केली.

"तूही चल वर्लिन, हवं तर. मागे जागा आहे."

"नको, नको," वर्लिन म्हणाला. मास्तर मुळात सज्जन माणूस. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि मग तिसऱ्यांदा. वर्लिन मागे बसला, ट्रक अंगणात तसाच राहिला, आणि मार्लिसबाई म्हणाल्या, "झाले का तुमचे तीन? निघा आता."

डुलुथ यायला दुपार झाली. बर्फ दाट होता, रस्ता पांढरा झाला होता, आणि सरोवर धुक्यात नुसतंच जाणवत होतं. चढाच्या पायथ्याशी एक ट्रक आडवा होऊन पडला होता, वर्लिनच्या ट्रकएवढाच. वर्लिनने त्याच्याकडे पाहिलं आणि पट्टा घट्ट केला. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गाडी चढाला लागली. चाकं एकदा गुरगुरली, एकदा जरा विचारात पडली, मग बर्फाला धरून वर निघाली. मागे नाही, बाजूला नाही, सरळ वर. मास्तरांचं काळीज नाचत होतं. हे बघायलाच तर सगळा खटाटोप होता. त्यांनी शेजारी पाहिलं.

मार्लिसबाई झोपल्या होत्या. गरम सीटवर मान कलंडली होती, तोंड किंचित उघडं, आणि टोपी नाकावर आली होती.

"उठवू का?" वर्लिन मागून कुजबुजला. "बघू तरी दे तिला."

मास्तरांना फार मोह झाला. मग त्यांच्या लक्षात आलं, गेल्या वर्षी याच रस्त्यावर या बाईच्या नखांचे ओरखडे त्यांच्या हातावर आठवडाभर राहिले होते. "राहू दे," ते म्हणाले. "झोपू दे तिला."

दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली तेव्हा मार्लिसबाई डोळे चोळत उठल्या. "तो चढ आला की सांग हां ऑरिन. मी डोळे मिटून घेते."

"तो गेला," मास्तर म्हणाले.

मार्लिसबाईंनी मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता खाली, खाली, पांढऱ्या धुक्यात उतरत गेला होता. त्यांनी हात पुढे करून गाडीचा पुढचा भाग, जिथे घड्याळ आणि गाणी असतात तो, एकदा थोपटला. मग बॅग घेऊन त्या बर्फातून धावत सुटल्या, आणि वर्लिन त्यांच्यामागे.

मास्तर शेवटी उतरले. नव्या गाडीचे मालक करतात तसं, चालता चालता, मागे न बघता, किल्लीवरचं बटण दाबून गाडीला कुलूप लावायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी बटण दाबलं. ते लाल होतं.

गाडीने बोंब ठोकली. सगळे दिवे उघडमीट करू लागले, भोंगा त्या बर्फातल्या शांत टेकडीवरून सरोवरापर्यंत घुमला. मास्तरांनी दुसरं बटण दाबलं, डिकी वर गेली. तिसरं दाबलं, इंजिन सुरू झालं. दवाखान्याच्या खिडक्यांत एकेक चेहरा दिसू लागला.

चौथ्या मजल्यावर, तासाभरापूर्वी जन्मलेली मुलगी आईच्या कुशीत हलली. जावई खिडकीशी गेला.

"खाली कोणाची तरी लाल गाडी बोंबलतेय," तो म्हणाला. "आणि एक माणूस टोपी काढून तिची माफी मागतोय."

"ते बाबा," ब्रिट म्हणाली.